भाषेची शिदोरी : स्टँडर्ड लायब्ररीचे विभाजन आणि स्वतंत्र आवृत्त्या



१५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतीय रुपयाच्या नव्या चिन्हाला मान्यता दिली. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा मेळ घालणारे, डी. उदयकुमार यांनी रेखाटलेले हे चिन्ह त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात युनिकोड या जागतिक लिपिसंकेताच्या ६.० या आवृत्तीत समाविष्ट झाले. अवघ्या तीन महिन्यांत झालेले हे काम कौतुकास्पदच म्हणावे लागेल. मंत्रिमंडळाच्या या निर्णयापूर्वी १२ दिवस, म्हणजे ३ जुलै २०१० रोजी, पायथन या संगणकभाषेची २.७ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली होती. वरवर पाहता या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. परंतु पायथन २.७ च्या दृष्टीने रुपयाचे चिन्ह त्यानंतर अखेरपर्यंत अनोळखीच राहिले.

याचे कारण असे की, पायथन भाषेबरोबर ‘युनिकोडडेटा’ नावाचे एक मोड्यूल येते. प्रत्येक लिपिचिन्हाचे नाव काय, ते अक्षर आहे, अंक आहे, विरामचिन्ह आहे की चलनचिन्ह आहे, याचा एक मोठा तक्ता या मोड्यूलमध्ये असतो. २.७ बरोबर आलेला तक्ता युनिकोडच्या ५.२ या आवृत्तीचा होता आणि त्यात रुपयाच्या चिन्हाची जागा रिकामी होती. योग्य टंक उपलब्ध असल्यास हे चिन्ह साठविता येई, पडद्यावर दाखविता येई, दुसऱ्या संगणकाकडे पाठविता येई. त्यात कोणतीही अडचण नव्हती. मात्र हे चिन्ह कोणत्या प्रकारचे आहे असे विचारले, तर ‘या जागी काही नेमलेले नाही’ असेच उत्तर मिळे. एखाद्या मजकुरातील चलनचिन्हे शोधून रकमा वेगळ्या काढणारी आज्ञावली या तक्त्यावर विसंबून लिहिली, तर तिला डॉलर, पाउंड आणि येन ओळखता येत, रुपया ओळखता येत नसे.

फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या पायथन ३.२ मध्ये युनिकोड ६.० चा तक्ता होता. परंतु २.७ ही आवृत्ती अनेक वर्षे मोठ्या प्रमाणावर वापरात राहिली. तिचा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी थांबला. तोपर्यंत युनिकोड १२.१ पर्यंत पोहोचले होते आणि २.७ मधील तक्ता ५.२ वरच थांबलेला होता. एकदा प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत केवळ दोषदुरुस्ती करावयाची, नवी भर घालावयाची नाही, असा पायथनचा शिरस्ता आहे आणि तो योग्यही आहे. तेव्हा येथे चूक कोणाची, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. मंत्रिमंडळाने, युनिकोडने आणि पायथनच्या कार्यकर्त्यांनी आपापले काम नियमानुसारच केले. अडचण एवढीच होती की, एका संस्थेच्या दिनदर्शिकेनुसार बदलणारा तक्ता दुसऱ्या संस्थेच्या दिनदर्शिकेनुसार बदलणाऱ्या भाषेच्या पोटात ठेवलेला होता.

यावर तोडगा निघाला तो बाहेरून. ‘युनिकोडडेटा२’ नावाचे एक छोटे पॅकेज स्वतंत्रपणे उपलब्ध करून देण्यात आले. भाषा तीच, जुनी; तक्ता मात्र नव्या युनिकोडचा. हे पॅकेज बसविले आणि आज्ञावलीने जुन्या मोड्यूलऐवजी त्याला विचारले की रुपया ओळखला जाई. भाषेबरोबर येणारी सामग्री भाषेपासून अलग करून तिला स्वतःचा आवृत्तीक्रमांक देणे म्हणजे काय, हे या लहानशा उदाहरणावरून स्पष्ट होते. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

शिदोरी कशासाठी?

कोणत्याही संगणकभाषेचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. पहिला भाग म्हणजे भाषेचे व्याकरण आणि ते समजून घेऊन संगणकाकडून काम करवून घेणारा कंपायलर अथवा इंटरप्रिटर. दुसरा भाग म्हणजे स्टँडर्ड लायब्ररी, अर्थात भाषेबरोबरच मिळणारा तयार आज्ञावलींचा संग्रह. फाइल वाचणे, तारखांचा हिशेब करणे, पत्र पाठविणे, माहिती दाबून लहान करणे ही कामे प्रत्येकाने नव्याने लिहू नयेत, यासाठी हा संग्रह असतो. प्रवासाला निघालेल्या माणसाने बरोबर बांधून घेतलेल्या शिदोरीशी त्याची तुलना करता येईल. १९९१ मध्ये गिदो व्हॅन रॉसम यांनी जगापुढे आणलेल्या पायथन भाषेने तर ‘बॅटरीसह मिळणारी भाषा’ हीच आपली ओळख करून घेतली होती.

त्या काळात याची गरजही होती. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. दूरध्वनीच्या तारेवरून मंद गतीने चालणाऱ्या जोडणीवर एखादे पॅकेज उतरवून घेणे हे वेळखाऊ आणि खर्चिक काम होते. ज्याच्याकडे जोडणीच नाही त्याला डिस्कवर जे मिळाले तेवढ्यावरच भागवावे लागे. अशा स्थितीत शिदोरी जितकी भरलेली तितकी चांगली, हा विचार स्वाभाविक होता.

याच १९९५ साली पर्ल भाषेच्या वापरकर्त्यांनी ‘सीपॅन’ हे सामायिक भांडार सुरू केले. कोणीही लिहिलेले मोड्यूल तेथे ठेवावे आणि कोणीही ते घ्यावे, अशी ही व्यवस्था. पुढे जवळजवळ प्रत्येक भाषेने तिचे अनुकरण केले. वाटेत जागोजागी खानावळी झाल्यावर घरून बांधून न्यावयाचे ओझे कमी व्हावे, तसे यानंतर व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात तसे झाले नाही, कारण शिदोरीत पदार्थ घालणे सोपे आणि काढणे कठीण असते. एखादे मोड्यूल स्टँडर्ड लायब्ररीत आहे म्हणजे ते कायम राहील, या विश्वासावर असंख्य लोकांनी आपल्या आज्ञावली उभ्या केलेल्या असतात. पर्लमधील संकेतस्थळांसाठीचे सीजीआय मोड्यूल १९९७ पासून भाषेबरोबर येत होते. ते काळाच्या मागे पडले आहे याविषयी फारसे दुमत नसतानाही ते बाहेर काढले गेले ते २०१५ च्या ५.२२ या आवृत्तीत.

शिदोरीतील सर्व पदार्थ सारखेच टिकत नाहीत, ही यातील मुख्य गोष्ट होय. संख्यांची चढत्या क्रमाने मांडणी करणारी किंवा वर्गमूळ काढणारी आज्ञावली एकदा नीट लिहिली की वर्षानुवर्षे चालते. याउलट सुरक्षित जोडणीचे नियम, प्रमाणपत्रे, इंटरनेटवरील पत्रव्यवहाराच्या पद्धती आणि लिपिचिन्हांचे तक्ते बाहेरच्या जगाबरोबर बदलत राहतात. घड्याळाचेच उदाहरण घ्या. श्रीलंकेने १५ एप्रिल २००६ रोजी आपले प्रमाण घड्याळ अर्धा तास मागे घेतले आणि ते भारतीय प्रमाणवेळेशी जुळविले. उत्तर कोरियाने १५ ऑगस्ट २०१५ रोजी आपली वेळ अर्धा तास मागे नेली आणि ५ मे २०१८ रोजी ती पुन्हा पूर्ववत केली. असे निर्णय घेताना कोणतेही सरकार अमुक भाषेची पुढील आवृत्ती केव्हा येणार आहे याची चौकशी करीत नाही. जावा भाषेच्या स्थापित प्रतीतील वेळक्षेत्रांचा तक्ता तेवढाच अद्ययावत करता यावा म्हणून एक वेगळे साधन पुरवावे लागले, ते याचसाठी.

रुबीची रत्ने

हे विभाजन सर्वांत पद्धतशीरपणे आणि दीर्घकाळ चालविले आहे ते रुबी या भाषेने, म्हणून तिच्याकडे अधिक बारकाईने पाहणे उपयुक्त ठरेल. युकिहिरो मात्सुमोतो या जपानी संगणकतज्ज्ञांनी १९९५ मध्ये ही भाषा प्रसिद्ध केली. रुबी म्हणजे माणिक. तेव्हा तिच्या पॅकेजना ‘जेम’, म्हणजे रत्न, असे नाव पडले. २०१३ पासून दरवर्षी २५ डिसेंबर रोजी रुबीची नवी मुख्य आवृत्ती येते. वर्षातून एकदा येणारा हा मुहूर्त भाषेच्या व्याकरणासाठी पुरेसा आहे. सुरक्षाविषयक त्रुटींसाठी तो पुरेसा नाही.

रुबीने आपल्या स्टँडर्ड लायब्ररीतील घटकांना टप्प्याटप्प्याने जेमचे रूप दिले. यात दोन पायऱ्या आहेत आणि त्यांतील फरक नीट समजून घ्यावयास हवा. पहिली पायरी ‘डीफॉल्ट जेम’ची. हा घटक भाषेबरोबर येतो आणि पूर्वीप्रमाणेच न सांगता वापरता येतो. पण त्याला स्वतःचा आवृत्तीक्रमांक असतो आणि भाषा न बदलता त्याची नवी आवृत्ती बसविता येते. मात्र तो काढून टाकता येत नाही. दुसरी पायरी ‘बंडल्ड जेम’ची. हाही भाषेबरोबरच स्थापित होतो, परंतु तो इतर कोणत्याही जेमसारखाच असतो. तो काढता येतो, आणि प्रकल्पाच्या पॅकेजांची नोंद ठेवणारे बंडलर हे साधन वापरले जात असेल, तर जेमफाइल या यादीत त्याचे नाव स्पष्टपणे लिहावे लागते. थोडक्यात, पहिल्या पायरीवर घटकाला स्वतःची तारीख मिळते आणि दुसऱ्या पायरीवर तो वापरणाऱ्यावर त्याची नोंद करण्याची जबाबदारी येते.

डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या रुबी ३.० मध्ये एक्सएमएल मजकूर वाचणारे ‘रेक्सएमएल’ हे बंडल्ड जेम झाले. त्याच वेळी ‘वेब्रिक’ हा छोटा वेब सर्व्हर स्टँडर्ड लायब्ररीतून बाहेर गेला. पुढील वर्षीच्या ३.१ मध्ये पत्रव्यवहाराची आणि फाइल हस्तांतरणाची मोड्यूले, तसेच गणितातील ‘मॅट्रिक्स’ आणि ‘प्राइम’ यांची पाळी आली. डिसेंबर २०२४ च्या ३.४ मध्ये ‘सीएसव्ही’, ‘बेस६४’, ‘बिगडेसिमल’ आणि आणखी काही घटक याच वाटेने गेले.

याचा लाभ कोणता, हे रेक्सएमएलच्या बाबतीत २०२४ मध्ये दिसून आले. विशिष्ट प्रकारे रचलेला एक्सएमएल मजकूर पाठवून संगणकाला प्रदीर्घ काळ गुंतवून ठेवता येईल, अशा त्रुटी मे ते ऑक्टोबर या काळात त्यात एकामागून एक उघडकीस आल्या. प्रत्येक वेळी रेक्सएमएलची नवी आवृत्ती काढून दुरुस्ती पोहोचविण्यात आली. ३.२.७ ही मे महिन्यातील, ३.३.९ ही ऑक्टोबरमधील. हाच घटक भाषेच्या पोटात असता, तर दर वेळी संपूर्ण भाषेची सुधारित प्रत काढावी लागली असती आणि वापरणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपली सर्व आज्ञावली त्या प्रतीवर पुन्हा तपासावी लागली असती. अशा तपासणीचा खर्च मोठा असतो. म्हणूनच ती पुढे ढकलली जाते, आणि दुरुस्ती उपलब्ध असूनही त्रुटी तशीच राहते. एका पॅकेजपुरता बदल करावयाचा असेल तर हा अडथळा पुष्कळ कमी होतो.

लाभाची बाजू अशी भक्कम असली तरी त्याची किंमतही मोजावी लागली. डिसेंबर २०२१ मध्ये ३.१ आली आणि पत्र पाठविणाऱ्या अनेक प्रणाली ‘नेट एसएमटीपी सापडत नाही’ असा संदेश देऊन थांबल्या. पत्रव्यवहाराची कामे करणारे जे लोकप्रिय जेम त्यांनी वापरले होते, ते हे मोड्यूल भाषेबरोबर असणारच असे गृहीत धरून चालले होते. उपाय सोपा होता, जेमफाइलमध्ये एक-दोन ओळी वाढविणे एवढाच. पण ती ओळ कोणती हे शोधण्यासाठी ठिकठिकाणी किती माणसांचे किती तास गेले, याची नोंद कोठेही होत नसते. रुबीच्या चमूने यातून धडा घेतला. डिसेंबर २०२३ च्या ३.३ मध्ये, जे घटक पुढच्या वर्षी बंडल्ड होणार होते त्यांचा नोंदीविना वापर केल्यास इशारा देण्याची सोय करण्यात आली. त्यामुळे ३.४ च्या वेळी वापरकर्त्यांच्या हाती एक वर्ष होते. यातही एक मेख राहिलीच. पुष्कळदा इशारा मिळतो तो वापरकर्त्याला आणि चूक असते त्याने घेतलेल्या दुसऱ्याच्या जेमची. शेजाऱ्याच्या थकलेल्या बिलाची नोटीस आपल्या दारावर लागावी, तशातला हा प्रकार.

डीफॉल्ट जेम या मधल्या पायरीची स्वतःची एक अडचण आहे. भाषा सुरू होताना यांतील काही घटक आधीच कामाला लागतात. त्यानंतर बंडलर यादी वाचतो आणि यादीत त्याच घटकाची वेगळी आवृत्ती लिहिलेली असल्यास ‘एक आवृत्ती आधीच सक्रिय आहे’ असे सांगून काम थांबवितो. अर्धे आत आणि अर्धे बाहेर अशी स्थिती फार काळ ठेवणे कोणालाच सोयीचे नसते, हे यावरून ध्यानात येते. तसेच प्रत्येक घटक वेगळा काढणे सारखेच फायद्याचे आहे असेही नाही. रुबीचे बेस६४ हे मोड्यूल म्हणजे भाषेत अंगभूत असलेल्या एका सोयीवर घातलेले काही ओळींचे आवरण आहे. त्यात बदलण्यासारखे फारसे काही नाही. अशा घटकासाठी प्रत्येकाला यादीत एक ओळ वाढवावयास लावणे कितपत आवश्यक होते, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. रेक्सएमएलला लागू पडणारे तर्कशास्त्र बेस६४ ला तसेच्या तसे लागू पडत नाही.

वेगळे करणे आणि सोडून देणे

पायथनने यापेक्षा निराळा मार्ग घेतला. २०१९ मध्ये पायथनच्या कार्यकर्त्यांच्या वार्षिक बैठकीत ॲम्बर ब्राउन यांनी, या भाषेबरोबर बॅटऱ्या मिळतात खऱ्या, पण त्या गळू लागल्या आहेत, अशा आशयाची परखड मांडणी केली. स्टँडर्ड लायब्ररीत गेलेल्या मोड्यूलची प्रगती भाषेच्या गतीला बांधली जाते आणि बाहेरची पॅकेजे त्याच्या पुढे निघून जातात, हा त्यांच्या टीकेचा रोख होता. त्याच वर्षी क्रिस्टियन हाइम्स आणि ब्रेट कॅनन यांच्या नावे असलेला, कालबाह्य मोड्यूले काढून टाकण्याचा प्रस्ताव पुढे आला. २०२२ मध्ये तो स्वीकारला गेला आणि ऑक्टोबर २०२४ च्या पायथन ३.१३ मध्ये १९ मोड्यूले बाहेर गेली. टेलनेट, सीजीआय, जुन्या वृत्तगटांसाठीचे एनएनटीपी, जुन्या ध्वनिफाइलींचे वाचन अशी ही मोड्यूले होती.

येथे एक भेद स्पष्ट करावयास हवा. रुबीने घटक वेगळे केले, पण बहुतेकांचा सांभाळ भाषेशी संबंधित मंडळीच करीत राहिली. पायथनने या १९ मोड्यूलांच्या बाबतीत आपली जबाबदारी संपविली. ज्याला हवे असेल त्याने उचलावे, अशी भूमिका घेतली. त्यानुसार ‘लेगसी-सीजीआय’सारखी पॅकेजे स्वयंसेवकांनी काढली. परंतु वेगळे काढलेले पॅकेज आणि वाऱ्यावर सोडलेले पॅकेज बाहेरून सारखेच दिसते. दोहोंना नाव असते, क्रमांक असतो. पाठीशी कोण उभे आहे, हे क्रमांकावरून कळत नाही.

त्याच पायथनने वेळक्षेत्रांच्या बाबतीत मात्र फार समंजस वाट काढली. ऑक्टोबर २०२० च्या ३.९ मध्ये ‘झोनइन्फो’ हे मोड्यूल आले. वेळ कशी विचारावयाची याची पद्धत भाषेच्या आत आणि तक्ता बाहेर, अशी त्याची रचना आहे. तक्ता शक्यतो संगणकाच्या कार्यप्रणालीकडून घेतला जातो. तेथे नसल्यास ‘टीझेडडेटा’ या स्वतंत्र पॅकेजमधून. एखाद्या देशाने घड्याळ बदलले तर तेवढे पॅकेज बदलावे, भाषेला हात लावण्याचे कारण नाही. जे क्वचित बदलते ते आत आणि जे वारंवार बदलते ते बाहेर, ही विभागणी मोड्यूलांची नावे पाहून नव्हे, तर बदलाचे कारण पाहून केलेली आहे.

मोठ्या उद्योगांना या विषयाची धग जाणवली ती जावामुळे. सप्टेंबर २०१७ च्या जावा ९ मध्ये संपूर्ण लायब्ररीची मोड्यूलांत विभागणी झाली आणि सप्टेंबर २०१८ च्या जावा ११ मध्ये जॅक्सबी, जॅक्स-डब्ल्यूएस आणि कोर्बा यांच्याशी संबंधित मोड्यूले भाषेतून बाहेर गेली. जॅक्सबीसारखी मोड्यूले स्वतंत्र पॅकेज म्हणून उपलब्ध होती. तरीही ती यादीत घालणे आवश्यक झाले आहे हे जुन्या प्रणालींना कळले ते त्या बंद पडल्यावरच.

विभाजनाला मर्यादाही असते. हॅस्केल भाषेच्या मुख्य कंपायलरबरोबर येणाऱ्या ‘बेस’ या पॅकेजमध्ये कंपायलरची अंतर्गत गुपितेही मिसळलेली होती. त्यामुळे कंपायलर बदलला की बेस बदलणार आणि बेस बदलले की त्यावर अवलंबून असलेले सर्व काही तपासावे लागणार, अशी स्थिती होती. मे २०२४ मधील ९.१० या आवृत्तीत हा अंतर्गत भाग वेगळ्या पॅकेजमध्ये हलविण्यास प्रारंभ झाला. व्याकरणाशीच जोडलेले घटक सोडविणे हे अशा प्रकारचे, वर्षानुवर्षे चालणारे काम असते.

एका वचनाची अनेक वचने

अखंड स्टँडर्ड लायब्ररी हे एक वचन असते. त्यातील सर्व घटक एकमेकांबरोबर तपासले गेले आहेत आणि ते एकत्र चालतात, याची हमी भाषेचा क्रमांक देतो. विभाजनानंतर काय होते, हे साध्या अंकगणिताने पाहता येईल. १० पॅकेजे आणि प्रत्येकाच्या ३ आवृत्त्या वापरात असतील, तर त्यांचे संभाव्य संयोग ५९,०४९ होतात. एवढे संयोग कोणीही तपासत नाही. म्हणून आवृत्तीक्रमांकालाच अर्थ देण्याचा संकेत रूढ झाला. पहिला आकडा बदलला तर जुनी आज्ञावली मोडू शकते. दुसरा बदलला तर नवी सोय आली, पण जुने चालत राहील. तिसरा बदलला तर केवळ दुरुस्ती झाली. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी शब्दबद्ध केलेला हा संकेत ‘सिमँटिक व्हर्जनिंग’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या जोडीला ‘लॉक फाइल’ असते. जो एक संयोग प्रत्यक्ष तपासला गेला, त्याची काटेकोर नोंद तीत केलेली असते. हा संकेत उपयुक्त आहे यात शंका नाही; पण तो शेवटी माणसाने दिलेला शब्द आहे, यंत्राने दिलेली हमी नव्हे.

शिदोरी अगदीच हलकी असली तर काय होते, याचे उदाहरण जावास्क्रिप्टच्या जगात मार्च २०१६ मध्ये घडले. शब्दाच्या डाव्या बाजूला ठरावीक लांबीपर्यंत रिकामी जागा अथवा शून्ये भरणारे ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एका वादानंतर एनपीएम या भांडारातून काढून घेतले. त्यावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष अवलंबून असलेल्या हजारो प्रकल्पांची उभारणी थांबली. अखेर भांडाराच्या चालकांना ते पॅकेज पुन्हा जागेवर ठेवावे लागले आणि पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक करावे लागले. पुढे २०१७ च्या भाषामानकात डावीकडून भरण्याची हीच सोय भाषेचा भाग म्हणून समाविष्ट झाली. म्हणजे एकीकडे रुबी काही ओळींचे मोड्यूल बाहेर काढीत असताना दुसरीकडे जावास्क्रिप्टने ११ ओळींचे काम आत घेतले. दोन्ही निर्णयांना आपापल्या ठिकाणी कारणे आहेत. हे काम कधी बदलणार नाही आणि ते जवळजवळ प्रत्येकाला लागते, या दोन कसोट्यांवर लेफ्ट-पॅड आतच असावयास हवे होते.

शासकीय आणि वित्तीय प्रणालींच्या दृष्टीने हा विषय आता केवळ संगणकतज्ज्ञांपुरता उरलेला नाही. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण केंद्र शासनाने २०१५ मध्ये जाहीर केले. मुंबईस्थित सेबीने ऑगस्ट २०२४ मधील आपल्या सायबर सुरक्षा आराखड्यात, तर सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने ऑक्टोबर २०२४ मधील मार्गदर्शक तत्त्वांत, ‘सॉफ्टवेअर बिल ऑफ मटेरियल्स’ म्हणजे सॉफ्टवेअरच्या घटकयादीवर भर दिला. कोणत्या प्रणालीत कोणता घटक, कोणत्या आवृत्तीचा आणि कोणाकडून आलेला आहे, याची ही यादी. भाषेची लायब्ररी अखंड असेल तर या यादीत तिच्यासाठी एकच ओळ पडते, भाषेचे नाव आणि क्रमांक. लायब्ररी विभागली की त्या एका ओळीच्या जागी अनेक ओळी येतात. यादी लांबते, तशीच ती अधिक बोलकीही होते. रेक्सएमएलमध्ये त्रुटी सापडल्याचे वृत्त आल्यावर आपल्याकडे ते आहे का आणि कोणत्या आवृत्तीचे, हे यादी पाहून तत्काळ सांगता येते.

मात्र ही यादी कोणीतरी रोज पाहावी लागते. प्रणाली तयार करून देणारी कंपनी निघून गेली आहे, कार्यालयात जाणकार कर्मचारी नाही आणि सर्व्हरला सुरक्षेच्या कारणास्तव बाहेरची जोडणी नाही, अशी स्थिती असेल तर स्वतंत्र आवृत्त्यांचा लाभ त्या कार्यालयाच्या पदरी पडत नाही. गुंतागुंत तेवढी पडते. अशा ठिकाणी सर्व घटक एकत्र तपासून एकाच प्रतीत देणारी जुनी पद्धत अधिक भरवशाची ठरते. रुबीच्या बंडल्ड जेमची रचना या दृष्टीने विचारपूर्वक केलेली दिसते. घटक स्वतंत्र झाला, तरी स्थापनेच्या संचात तो राहतो. जोडणी नसलेल्या संगणकावरही तो हाताशी असतो.

पायथनच्या लिपितक्त्याचे मात्र फारसे काही बदललेले नाही. ‘युनिकोडडेटा’ हे मोड्यूल आजही भाषेच्या आतच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सौदी अरेबियाने आपल्या रियालसाठी नवे चिन्ह जाहीर केले. ९ सप्टेंबर २०२५ रोजी आलेल्या युनिकोड १७.० मध्ये ते समाविष्ट झाले. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी पायथन ३.१४ प्रसिद्ध झाली, ती युनिकोड १६.० चा तक्ता घेऊन. त्या तक्त्यात रियालच्या चिन्हाची जागा रिकामी आहे.